विषाणूचा माग काढायचा तर आधी भरपाई द्या

बुसिया हे गाव केनियातही आहे आणि युगांडातही. मधून सरहद्द जाते. मालमोटारींसाठी नाकं आहे, कागदपत्रं आहेत, लांबच लांब रांगा आहेत. पण तेसो आणि सामिया लोक दोन्ही बाजूंना राहतात, त्यांची सोयरीक आरपार होते, बाजार एकमेकांचे आहेत आणि आडवाटा सगळ्यांच्या पायाखालच्या आहेत. या पट्ट्यात बऱ्याच घरी दोन-तीन डुकरं असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं सगळं बाईच बघते. मुलांची फी भरायची वेळ आली की एक विकायचं, दवाखान्याचा खर्च निघाला की दुसरं.

अशा वस्तीत एका घरचं डुक्कर खायचं थांबतं. अंग तापतं, कानांची टोकं आणि पोटाची कातडी लाल-जांभळी पडते, आणि आठवडाभरात ते मरतं. शेजारणीला ही बातमी लागते तेव्हा तिची डुकरं अजून धडधाकट दिसत असतात. पशुवैद्यकाला कळवावं, तर तो भागबंदी लावणार, विक्री थांबणार आणि हातात काहीच पडणार नाही. म्हणून ती दलालाला बोलावते. तो निम्म्या किमतीत डुकरं उचलतो, पाय बांधून बोडा-बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागच्या सीटवर आडवी टाकतो आणि संध्याकाळच्या आत सरहद्दीपलीकडे कापून मोकळा होतो. आतडी आणि रक्त कत्तलीच्या जागेमागे पडतं. ते मोकाट डुकरं खातात.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू आफ्रिकेतल्या सरहद्दी ओलांडतो तो बहुतेक वेळा असा. आणि हा सगळा प्रवास कुठल्याही प्रयोगशाळेच्या नजरेआड होतो. विषाणूची जनुकं वाचून साथ कुठून आली, कुठे गेली याचा माग काढण्याचं शास्त्र आता चांगलंच पुढे गेलं आहे, आणि ते आफ्रिकेत वाढावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या शास्त्रासाठी जे पैसे, यंत्रं आणि प्रशिक्षण आज दिलं जातं, त्यात डुकराच्या मालकिणीला द्यायच्या भरपाईचा हिशेब नसेल, तर विषाणू नेमका जिथे सरहद्द ओलांडतो तिथेच हा माग तुटणार. भरपाई हा दयेचा विषय नाही. नमुना मिळण्याची ती अट आहे.

थोडं विषाणूबद्दल. या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन पशुवैद्यक मॉन्टगोमेरी यांनी १९२१ साली केनियातून केलं. बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी आणलेली डुकरं तिथे पटापट मरत होती. विषाणू मात्र तिथला जुना रहिवासी. वॉर्टहॉग ही रानडुकरं आणि त्यांच्या बिळांमधले गोचीड यांच्यात तो कित्येक युगं फिरतो आहे. वॉर्टहॉगला त्याचा त्रास होत नाही. पाळीव डुकराला झाला तर मृत्यूचं प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत जातं. माणसाला हा रोग होत नाही. त्यावर औषध नाही. खारवलेल्या मांसात विषाणू कित्येक महिने टिकतो, गोठवलेल्या मांसात तर त्याहूनही जास्त. म्हणजे जिवंत डुक्कर नाक्यावर अडवलं तरी पिशवीतलं मांस निघून जातं.

आता माग कसा काढतात ते. कोविडच्या विषाणूत सुमारे ३० हजार जनुकीय अक्षरं होती. यात १ लाख ७० हजार ते १ लाख ९० हजारांच्या घरात आहेत. डीएनएचा विषाणू असल्यामुळे तो बदलतोही सावकाश. इतकी वर्षं पद्धत अशी होती की त्यातल्या पी-७२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा शेवटचा चारेकशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि विषाणूला गट द्यायचा. असे २४ गट मोजले गेले. हे सगळे गट आफ्रिकेत सापडले आहेत आणि विविधता सगळ्यात जास्त आहे ती पूर्व आणि दक्षिण भागात. आफ्रिकेबाहेर जगभर पसरले ते फक्त गट १ आणि गट २. (२०२३ मध्ये काही संशोधकांनी पूर्ण पी-७२ प्रथिन तपासून गट सहाच आहेत असं मांडलं. मोजणीची पट्टीच किती ढोबळ होती हे यातून दिसतं.)

पी-७२ म्हणजे आडनाव. घराणं कळतं, माणूस कळत नाही. यंदाची साथ गेल्या वर्षीच्याच साथीची पुढची कडी आहे, की जंगलातून नव्याने आलेली आहे, की शेजारच्या देशातून ट्रकमधून आलेली आहे, हे आडनावावरून सांगता येत नाही. त्यासाठी जनुकसंचातल्या पुनरावृत्तीच्या जागा बघाव्या लागतात. बी-६०२-एल या जनुकाच्या मध्यभागी काही छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. एका विषाणूत त्यांची संख्या एक, दुसऱ्यात वेगळी. आणखी एक जागा आय-७३-आर आणि आय-३२९-एल या दोन जनुकांच्या मध्ये आहे. जॉर्जियात २००७ मध्ये सापडलेल्या विषाणूच्या वंशात पुढे कधीतरी तिथे दहा अक्षरांचा एक तुकडा जादा आला, आणि पूर्व युरोपातल्या नमुन्यांमध्ये तो दिसू लागला. पावणेदोन लाखांत दहा अक्षरं. एवढ्याशा फरकावरून साथीची एक फांदी दुसरीपासून वेगळी ओळखता येते. यातली मेहनत आणि नेटकेपणा मला थक्क करतो, आणि म्हणूनच ती अर्ध्यावर वाया जाताना बघवत नाही.

या मागाने आजवर काय दाखवलं? १९५७ मध्ये अंगोलाहून लिस्बनला गट १ पोहोचला, विमानातलं उरलेलं अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातल्यामुळे. २००७ मध्ये जॉर्जियातल्या पोती बंदराच्या परिसरात गट २ आला. त्याचं नातं मोझांबिक, मादागास्कर, झांबियाच्या बाजूच्या विषाणूंशी जुळलं. तिथून रशिया, २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, ऑगस्ट २०१८ मध्ये चीन. चीनमधली डुकरांची संख्या वर्षभरात सुमारे ४० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात जी डुकरं मेली, ती याच गट २ ने. मिझोरामच्या गावांमध्ये आजही लोक त्या तडाख्यातून पुरते सावरलेले नाहीत.

ही गोष्ट जगात सांगितली जाते ती साधारण इथवरच: विषाणू आफ्रिकेतून निघाला आणि आपल्याकडे आला. आफ्रिकेच्या आत तो कसा फिरला याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोझांबिकच्या भागातला हाच गट २ नव्वदच्या दशकाच्या शेवटी मादागास्करमध्ये गेला, २००७ मध्ये मॉरिशसला, २०१० च्या सुमारास टांझानियाच्या दक्षिण टोकाला, मलावीच्या सरहद्दीलगत. मग उत्तरेकडे देशभर. २०१५ मध्ये तो झिंबाब्वेत होता. आणि २०२० मध्ये तो नायजेरियात सापडला, जिथे तोवर फक्त गट १ माहीत होता. त्या वर्षी लागोसजवळच्या ओके-आरोसारख्या मोठ्या वराहपालन वसाहतींची दैना झाली. टांझानिया ते नायजेरिया हे अंतर वॉर्टहॉग चालत जात नाही. कुणीतरी मांस नेलं किंवा डुक्कर नेलं. तो विषाणू पूर्व आफ्रिकेतून थेट गेला की युरोप-आशियात फिरून परत आला, हे पी-७२ सांगू शकत नाही, कारण तो तुकडा दोन्हीकडे सारखाच. पूर्ण जनुकसंचच लागतो.

आणि पूर्ण जनुकसंच वाचायला नमुना लागतो. वंशवृक्षाचं चित्र कागदावर फार सुबक दिसतं. पण प्रत्येक फांदी म्हणजे कुणीतरी कळवलेलं एक डुक्कर असतं. जे कळवलंच गेलं नाही, ते झाडावर नाही. बुसियाची ती शेजारीण आठवा: तिची डुकरं हीच दोन देशांमधली खरी कडी होती, आणि तीच गायब आहे. मग केनियातला एक नमुना आणि युगांडातला एक नमुना जवळचे निघतात आणि आपण म्हणतो, 'सरहद्दीपलीकडे ये-जा दिसते.' हे गावातला दलाल आधीपासून सांगू शकला असता. त्याला विचारून कळणार नाही असं काहीतरी शास्त्राने सांगायला हवं: कोणत्या महिन्यात, कोणत्या रस्त्याने, कोणत्या बाजारातून. त्यासाठी नमुने दाट हवेत आणि ताजे हवेत.

ताज्याचं म्हणाल तर एक उदाहरण पुरे. केनियात २००६ मध्ये एका पाळीव डुकरातून घेतलेला, बुसियाचंच नाव लागलेला गट ९ चा एक विषाणू आहे. पश्चिम केनिया आणि पूर्व युगांडातल्या साथींमध्ये हाच गट पुन्हा पुन्हा दिसतो. त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. नऊ वर्षांनी. शास्त्रीय दृष्टीने ते काम मोलाचं आहे, त्यावर पुढचं बरंच काही उभं राहिलं. पण २००६ मध्ये ज्यांची डुकरं मेली त्यांच्या गावात काय थांबवायचं, हे त्यातून कुणाला ठरवता आलं नाही. आज हातात मावणारी जनुकवाचन यंत्रं आली आहेत, दिवसाभरात उत्तर देऊ शकतात. म्हणजे उशिराचं ते कारण आता राहिलेलं नाही.

राहिलं आहे ते मालकिणीचं कारण. रोग कळवला तर तोटा, लपवला तर निम्मे तरी पैसे, असा हिशेब असेल तर कुठलीही शहाणी बाई लपवेल. तिला जनजागृतीची पोस्टरं दाखवून उपयोग नाही. तिला रोगाची लक्षणं माहीत आहेत, म्हणून तर ती इतक्या घाईने विकते. आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी आला (हा रोगही १९२९ साली झांबियात प्रथम दिसलेला), तेव्हा महाराष्ट्र सरकारने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये जाहीर केले. पैसे मिळायला उशीर झाल्याच्या, पंचनामे अडल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या आणि त्या रास्त होत्या. तरीही मेलेलं जनावर दडवण्यापेक्षा कळवण्यात फायदा आहे, हे गावोगावी पोचलं. पूर्व आफ्रिकेतल्या बहुतेक वराहपालकांना असा आधार नाही.

भरपाईने काय होतं याचा दाखला आफ्रिकेतच आहे. १९९६ मध्ये कोत दिव्वारमध्ये, म्हणजे आयव्हरी कोस्टमध्ये, साथ शिरली. सरकारने साथीच्या भागातली डुकरं मारली, मालकांना पैसे दिले आणि देश या रोगातून बाहेर पडला. पुन्हा तो आला २०१४ मध्ये. त्या पहिल्या साथीच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, शेजारच्या पट्ट्यात बेनिन, टोगो, नायजेरियात तोच गट १ शिरला आणि तिथे त्याने मुक्कामच ठोकला. युरोपात स्पेनने पंचवीस वर्षं या रोगाशी झुंज दिल्यावर १९८५ मध्ये नवा कार्यक्रम हाती घेतला: गावोगाव फिरणारी पशुवैद्यकांची पथकं, रक्ततपासणी, पालकांच्या संघटना आणि युरोपच्या पैशातून भरपाई. १९९५ मध्ये स्पेन मोकळा झाला. तेव्हा जनुकवाचन आजच्यासारखं नव्हतं आणि लस तर नव्हतीच. कळवणारे लोक होते.

उलट उदाहरण हैतीचं. ते वाचताना राग येतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी रोग शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधून तिथे आला. अमेरिकेला आपल्या डुकरांची काळजी. तिच्या पैशाने आणि आग्रहाने १९८२-८३ मध्ये हैतीतली काळी गावठी क्रेओल डुकरं सरसकट मारली गेली. मिळेल ते खाऊन जगणारं, अडीअडचणीला विकता येणारं हे जनावर म्हणजे तिथल्या गरिबाची बचत होती. भरपाई अनेकांपर्यंत पोचलीच नाही. बदल्यात आलेल्या अमेरिकी डुकरांना विकतचं खाद्य हवं, सिमेंटची जमीन हवी. ती गरिबाच्या अंगणात जगेनात. रोग हैतीतून गेला, पण शेतकऱ्याचा विश्वासही गेला. २०२१ मध्ये विषाणू, या वेळी गट २, पुन्हा त्याच बेटावर आला. ज्यांच्या आजी-आजोबांची डुकरं अशी मारली गेली, त्यांनी लगबगीने सरकारी माणसाला बोलवावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पैसे मिळतात म्हटल्यावर लोक मुद्दाम रोग लावून घेतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. भरपाई निरोगी डुकराच्या बाजारभावापेक्षा थोडी कमी, पण दलालाच्या निम्म्या किमतीपेक्षा स्पष्ट जास्त ठेवली, आणि ती नमुना दिल्यावर आणि कळपातली उरलेली डुकरं मारू दिल्यावरच मिळणार असं ठरवलं, तर लबाडीत फारसा राम उरत नाही. पैसे पोचवायचं कसं, ही अडचण तर आता नाहीच: केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, मोबाइलवर पैसे घेणं-देणं खेडोपाडी रुळलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गरीब देशांनी जनुकं वाचत बसण्यापेक्षा कुंपण, साबण आणि जंतुनाशकावर खर्च करावा, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही, कारण कुंपण कुठे घालायचं हेच माग सांगतो. दक्षिण आफ्रिकेने १९३५ पासून उत्तरेकडचा वॉर्टहॉगचा प्रदेश नियंत्रित क्षेत्र म्हणून वेगळा काढला आहे. २०१२ मध्ये त्या क्षेत्राबाहेर, बऱ्याच वर्षांनी, साथी आल्या. विषाणूचा गट आणि लिलावातल्या खरेदीची नोंद मिळून उत्तर आलं की नियंत्रित क्षेत्रातली डुकरं लिलावांमधून बाहेर आली होती. तिथे कुंपण आणखी उंच करून काय साधलं असतं? लिलावाची वही आणि जनुकांचं वाचन शेजारी शेजारी ठेवली तेव्हा रस्ता दिसला. युगांडातल्या खेड्यात लिलावाची वही नसते. तिथे ती वही म्हणजे पालक, खाटीक आणि दलाल यांची आठवण, आणि ती ते विश्वासावरच सांगतील.

अशा मागाचा उपयोग दोष देण्यासाठी होतो, हीही खरी अडचण आहे, आणि याची झळ देशांनाही बसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती जगाला तातडीने आणि मोकळेपणाने दिली. काही दिवसांत श्रीमंत देशांनी त्यांच्याच विमानांना बंदी घातली. पशुरोगांच्या खात्यात बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते पाहिलं आहे. 'विषाणू तुमच्या देशातून आला' असं वाक्य अहवालात येणार असेल, तर नमुना बाहेर जाऊ न देणं हेच त्याला शहाणपणाचं वाटेल. म्हणून जनुकवाचन नैरोबीच्या आयएलआरआय या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेत, टांझानियात मोरोगोरोच्या सोकोइने विद्यापीठात, नायजेरियात व्होमच्या पशुवैद्यकीय संस्थेत, दक्षिण आफ्रिकेत ओन्डरस्टेपूर्टच्या पशुवैद्यकीय संस्थेत व्हावं. आणि निष्कर्ष आधी त्या जिल्ह्याच्या पशुवैद्यकाला आणि सरहद्दीपलीकडच्या त्याच्या जोडीदाराला कळावा, मग शोधनिबंधात छापावा. नमुने परदेशी फ्रीजरमध्ये जाऊन पडायचे आणि नावही तिथल्याच संस्थेचं व्हायचं, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

पैसा कुठून येणार? २०२० मध्ये एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी या रोगासाठी जागतिक मोहीम जाहीर केली आहे. चीन, युरोप, अमेरिका यांचा डुकराच्या मांसाचा धंदा अफाट आहे आणि विषाणूचं मूळ घर कुठे आहे हे त्यांना २००७ पासून पुरतं ठाऊक आहे. पुढचा कुठला गट जहाजात चढेल हे आज कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या स्वार्थासाठी का होईना, पूर्व आफ्रिकेतल्या भरपाई निधीत त्यांनी वाटा उचलला पाहिजे.

लशीमुळे हा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे. व्हिएतनामने २०२३ मध्ये जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लशी देशभर वापरायला परवानगी दिली. त्या गट २ वर बेतलेल्या आहेत. केनिया-युगांडाच्या पट्ट्यात गट ९ फिरतो आहे, आणि एका गटाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध पुरी पडेल याचा भरवसा नाही. त्यात २०२३ मध्ये चीनमधून गट १ आणि गट २ यांच्या मिसळीतून तयार झालेल्या विषाणूंची नोंद आली. जिथे अनेक गट शेजारी शेजारी नांदतात, त्या भागात जिवंत लस आंधळेपणाने नेणं किती धोक्याचं आहे हे यावरून समजावं. नैरोबीत गट ९ साठी लशीचं काम सुरू आहे. ती लस कुठल्या जिल्ह्यात द्यायची आणि दिल्यावर फिरतो आहे तो रानटी विषाणू की लशीतला, हे ओळखायला वर्षानुवर्षं, गावागावातून नमुने लागतील. त्या कामाच्या अंदाजपत्रकात यंत्र आणि रसायनांच्या बरोबरीने भरपाईचं कलम पहिल्या पानावर आलं पाहिजे, आणि डुक्कर मारल्यापासून आठवड्याच्या आत पैसे त्या घरच्या बाईच्या मोबाइलवर जमा झाले पाहिजेत.